गौण म्हणजे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन-तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. शेजारच्या तालुक्यात शेती करणारा माझा भाचा भर दुपारी आष्टीला आला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "मामू, तुम्ही मराठीत कविता लिहिता. हे मराठी जरा समजावून सांगा." भाचा दहावीपर्यंत मराठी शाळेतच शिकलेला. अक्षर न अक्षर त्याला वाचता येत होतं, अडत होतं ते दुसरीकडंच. कागदावर होतं : गौण खनिजाचे अनधिकृत उत्खनन व वाहतूक, स्वामित्वधन, पंचनामा, आणि शेवटी दंडाची रक्कम. "ये गौण क्या रहता?" त्यानं घरच्या बोलीत विचारलं. मी म्हणालो, गौण म्हणजे दुय्यम, फार महत्त्वाचं नसलेलं. त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मग हा आकडा का गौण नाही?"

झालं होतं असं की, त्यानं शेतात विहीर खोदली. वरची काळी माती संपल्यावर मुरूम लागला आणि त्याचा ढीग काठावर साठला. त्याच सुमारास जवळून रस्त्याचं काम चाललं होतं. ठेकेदाराचा माणूस आला, ढीग उचलून नेतो म्हणाला, चार पैसेही देऊ केले. ढीग संपला तेव्हा विहिरीशेजारची पडीक पट्टीही त्यानं पोकलेननं उकरून नेली. रस्ता झाला, ठेकेदार पुढच्या कामावर गेला, आणि नोटीस आली ती सातबारावर ज्याचं नाव होतं त्याला. कायद्याच्या दृष्टीनं ती नोटीस चुकीची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. परवाना काढलेला नव्हता, स्वामित्वधन भरलेलं नव्हतं. भाच्याचं म्हणणं एवढंच, की आपण खनिज काढतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी तो मुरूम होता.

त्या कागदावरच्या शब्दांचा माग काढत मी पुढं बरेच दिवस हिंडलो. तोच आज सांगायचा आहे.

'गौण' हा शब्द आला १९५७ च्या केंद्रीय कायद्यातून. खाणी आणि खनिजांच्या या कायद्यानं इमारतीचा दगड, रेव, साधी चिकणमाती, साधी वाळू आणि केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवील ती आणखी खनिजं यांना गौण ठरवलं आणि त्यांच्याबद्दल नियम करायचा अधिकार कलम १५ नुसार राज्यांना दिला. उरलेली मोठी खनिजं दिल्लीच्या नजरेखाली राहिली. म्हणजे गौण हे विशेषण खनिजाचं नाहीच, ते कारभाराचं आहे. कोणती फाइल कोणत्या दारी जायची, एवढंच ते सांगतं. आम्हा बीडकरांच्या पायाखाली कोळसा नाही, लोखंड नाही, सोनं तर नाहीच नाही. आहे तो सगळा दख्खनचा काळा पत्थर आणि त्याचा झिजून झालेला मुरूम. दिल्लीच्या भाषेत आमची सगळी भूमीच गौण आहे म्हणायची.

मुरूम या शब्दाची मात्र मला मोठी गंमत वाटते. १८८६ साली लंडनमध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले देशी शब्द त्यात जमवलेले आहेत. त्यात मुरूम आहे आणि तो मराठी असावा अशी नोंदही आहे. रस्ते बांधणाऱ्या साहेबाला इंग्रजीत त्याला नाव सापडेना, म्हणून त्यानं आमच्या गवंड्याचाच शब्द उचलला. पुढं १ जून १९५८ ला केंद्र सरकारनं गौण खनिजांची जी यादी काढली, तीत इंग्रजी मजकुरात मुरूम, कंकर आणि उत्तरेकडची रेह-मट्टी हे शब्द जसेच्या तसे बसलेले आहेत. म्हणजे भाच्याचा शब्द कायद्यात होताच. तो त्याला भेटायला परत आला तेव्हा मात्र 'गौण खनिज' होऊन आला, म्हणून ओळखता आला नाही.

मुरूम एक वेळ खनिज म्हणू. पण माती? ३ फेब्रुवारी २००० ला केंद्रानं आणखी एक अधिसूचना काढली आणि साधी मातीसुद्धा गौण खनिज ठरवली. सगळी नव्हे. बंधारे, रस्ते, लोहमार्ग, इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीसाठी वापरलेली तेवढी. अशी व्याख्या मी पूर्वी कधी वाचली नव्हती. वस्तू काय आहे यावरून तिचं नाव ठरत नाही, ती कुठं जाणार यावरून ठरतं. पाटीतली माती झेंडूच्या वाफ्यात टाकली तर माती, रस्त्याच्या भरावात टाकली तर खनिज.

याच व्याख्येवरून पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. इमारतीचा पाया खणताना निघालेल्या मातीवर आकारणी झाली होती. ३ डिसेंबर २०१४ ला निकाल लागला. खणलेली माती त्याच जागेवर पुन्हा भरायला, सपाट करायला वापरली असेल तर ती अधिसूचनेत येत नाही. ती कशासाठी वापरली याची चौकशी न करता खणली म्हणून सरसकट आकारणी करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. हे वाचताना मला आमच्या कब्रस्तानातली रीत आठवली. कबरीतून जेवढी माती निघाली तेवढीच तिच्यावर परत घालायची, बाहेरची आणून ढीग वाढवायचा नाही, असं आमची वडीलधारी माणसं बजावत. ज्या खड्ड्याची माती त्याच खड्ड्यात गेली, तिथं हिशेब नाही. हिशेब सुरू होतो ती माती वेशीबाहेर निघाली की.

आता मुख्य गोष्ट, मालकीची. भाच्याचा दुसरा प्रश्न तोच होता. शेत माझं, खरेदीखत माझ्या आजोबांचं, मग खालचा मुरूम सरकारचा कसा?

हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणारा आकराध्यक्ष आहे, आणि राज्याचा खजिना खाणींतून उभा राहतो असं तिथं मानलेलं आहे. मनुस्मृतीनं भूमीत सापडलेल्या निधीचा आणि धातूंचा अर्धा वाटा राजाला दिला. इस्लामी धर्मशास्त्रात जमिनीत दडलेल्या धनाला 'रिकाज' म्हणतात आणि त्याचा पाचवा हिस्सा सार्वजनिक खजिन्याचा. खाणीही त्यात धरायच्या का, यावर मोठा वाद आहे. हनफी धरतात, मालिकी खाणींचा अधिकार राज्यकर्त्याकडं ठेवतात. हदीसमध्ये येमेनमधल्या मारिबच्या मिठाची हकिकत आहे. एकानं ते मीठ पैगंबरांकडं मागून घेतलं. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की, हे मीठ वाहत्या पाण्यासारखं आहे, कुणीही हात घालून घ्यावं असं. तेव्हा ते दान परत घेतलं गेलं. यावरूनच फकीहांनी उघड्यावरचं खनिज आणि कष्टानं खोलातून काढावं लागणारं खनिज असा भेद केला. पहिलं सगळ्यांचं, ते एकाच्या नावे करता येत नाही.

आष्टीच्या बाबतीत हा इतिहास आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण आम्ही हद्दीवरचे लोक. तीन बाजूंनी नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी अंमल, आष्टी निजामाकडं. काही अंतर तर सीना नदी हीच हद्द होती. नदीच्या पलीकडं १८७९ चा मुंबईचा जमीन महसूल कायदा होता. त्याच्या ६९ व्या कलमानं सरकारी साऱ्याच्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारसाठी राखून ठेवली होती, कब्जेदाराचे आधीपासूनचे हक्क मात्र वगळून. अलीकडं निजामाचं राज्य. तिथं १८८६ साली, म्हणजे लंडनला मुरूम कोशात गेला त्याच वर्षी, राज्यातल्या खनिजांचा शोध घेण्याचा आणि खाणी चालवण्याचा मक्ता दोन इंग्रजांना दिला गेला. त्यातून हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. हा मक्ता मिळवून देण्यात निजामाचे बडे अधिकारी अब्दुल हक यांचा हात होता. शेअर्सच्या व्यवहाराचा इतका बोभाटा झाला की, १८८८ साली ब्रिटिश कॉमन्स सभेनं चौकशीसाठी समिती नेमली. कंपनीला हवा होता कोळसा आणि सोनं. तो कोळसा पुढं सिंगरेणीला निघाला. बीडच्या मुरमाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. गौण असण्याचा तेवढा तरी फायदा झाला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६६ साली अख्ख्या महाराष्ट्रासाठी एकच जमीन महसूल संहिता झाली. तिचं ४८ वं कलम भाच्याच्या नोटिशीत होतं. इतकं सविस्तर कलम क्वचित सापडतं. खनिज कुठंही असो, जमिनीवर की जमिनीखाली, चालू खाणीत की सोडून दिलेल्या, जुन्या ढिगाऱ्यात, खड्ड्यात, शेतात, बांधात, नाल्यात, खाडीत, नदीच्या पात्रात, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. मारिबच्या मिठाला यात जागा नाही. परवानगीवाचून ते काढलं, गोळा केलं, उचललं, नेलं तर दंड. तो पूर्वी बाजारभावाच्या तिपटीपर्यंत होता, नंतर पाचपटीपर्यंत गेला. मात्र देशात सगळीकडं हेच आहे असंही नाही. केरळातल्या मलबारच्या जेन्मी जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये सांगितलं की, जमिनीखालच्या खनिजाची मालकी साधारणपणे जमिनीच्या मालकीमागून येते. कायद्यानं ती काढून घेतलेली नसेल तर ती मालकाचीच. तिथं तसा कायदा नव्हता. आमच्याकडं ४८ वं कलम आहे.

मग स्वामित्वधन. इंग्रजी रॉयल्टीचा हा सरकारी अवतार. रॉयल्टीत राजा आहे, स्वामित्वधनात धनी आहे. गावात मात्र सगळे रॉयल्टीच म्हणतात. रॉयल्टी हा कर आहे की खनिजाच्या धन्याला द्यायचा मोबदला, यावर या देशात पस्तीस वर्षं भांडण चाललं. १९८९ साली इंडिया सिमेंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी रॉयल्टी हा कर आहे असं लिहिलं. २००४ मध्ये केसोराम खटल्यात पाच न्यायमूर्ती म्हणाले की, ते वाक्य अनवधानानं किंवा टंकनातल्या चुकीनं तसं पडलं असावं. म्हणायचं होतं ते 'रॉयल्टीवरचा उपकर हा कर आहे' असं. एक शब्द गळला, आणि पंधरा वर्षं राज्यांच्या तिजोऱ्या त्या गळलेल्या शब्दावर अडल्या! कवितेत मुद्रितशोधकानं एक शब्द खाल्ला तर कवी रात्रभर झोपत नाही, हे ऐकून हसणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. शेवटी २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं रॉयल्टी हा कर नाही असा निर्वाळा दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भिन्नमत.

या नोटिशीत आणखी एक इतिहास दडला आहे, तो मला कवी म्हणून जास्त जवळचा. पंचनाम्यातला नामा फारसी. जप्ती, महसूल, तहसील, दाखल, हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. आणि त्यांच्या मधोमध उत्खनन, स्वामित्वधन, अनधिकृत हे संस्कृत पाहुणे. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंतांच्या हातून राज्यव्यवहारकोश झाला तेव्हापासून हे चाललेलं आहे. हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचं खातं, दारुत्तर्जुमा, स्थापन झालं. तिथं इंग्रजी शब्दांना अरबी-फारसी धातूंपासून उर्दू प्रतिशब्द घडवत. मुंबईत १९६० साली भाषा संचालनालय निघालं, तिथं संस्कृतापासून मराठी प्रतिशब्द घडवू लागले. दोन्हीकडं विद्वान माणसं होती आणि त्यांनी मनापासून काम केलं. पण आमच्या सीमेवरच्या शेतकऱ्याची गत पाहा. आजोबांना 'मादनियात' कळलं नाही, नातवाला 'गौण खनिज' कळत नाही. 'फार्शी-मराठी कोश' १९२५ साली एका कवीनं, माधव जूलियन यांनी, केला. तो चाळताना मला बरं वाटतं. तिथं शब्द एकमेकांना हाकलत नाहीत. तसं पाहिलं तर फारसीतला 'कान' म्हणजे खाण. तो आणि आपली 'खाण' एकाच घरचे आहेत, कारण खणणे या अर्थाचा धातू जुन्या इराणीत आणि संस्कृतात सख्खा आहे.

श्रोतेहो, इथवर सगळे शब्द घेण्याचे झाले. काढणं, उचलणं, नेणं, मोजणं, आकारणं. मोजायलाही खास शब्द आहे, ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. पण भाच्याच्या शेतातल्या खड्ड्याचं काय? पावसाळ्यात त्यात पुरुषभर पाणी साठलं आणि शेजारच्याची शेळी बुडाली. पोरं पोहायला जमू लागली. अशा सोडून दिलेल्या खदानींत पोरं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. खड्डा बुजवून जमीन पुन्हा जमीन करण्याला कायद्यात कोणता शब्द आहे, ते मी शोधू लागलो.

इंग्रजीत 'रेक्लमेशन' आहे. पण मराठी माणसाला रेक्लमेशन म्हटलं की मुंबई आठवते, बॅकबे आणि वांद्रे. तिथं समुद्रात भराव टाकून जमीन केली. अर्थ आहे परत मिळवणं. वास्तविक ती जागा कधी आपली नव्हतीच, समुद्राची होती. आणि भरावाला लागणारा दगड-मुरूम कुठून तरी खणावाच लागतो. कोकणात खाजणं आणि खारजमिनी आहेत, त्यांच्यासाठी १९४८ पासून वेगळा कायदाही झाला. खाणींच्या कायद्यात मात्र हा विचार फार उशिरा आला. मोठ्या खनिजांच्या खाणींना, खाण बंद करताना जमिनीचं काय करणार याचा आराखडा २००३ मध्ये सक्तीचा झाला. गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं दीपककुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ ला बजावलं. त्यानंतर २०१३ साली महाराष्ट्राचे गौण खनिजांचे नवे नियम आले. ८ जानेवारी २०२० ला न्यायालयानं आणखी एक साधी गोष्ट सांगितली : खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची अट पट्ट्यात घाला, म्हणजे तिथं चारा उगवेल, जनावरं चरतील. चारा छावण्या पाहिलेल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य समजायला कोश लागत नाही.

विशेष म्हणजे जुन्या मराठी कारभारात या कामाला शब्द होता. इस्तावा. हाही अरबीतून आलेला. पडलेली जमीन जो लागवडीला आणील त्याला पहिली काही वर्षं नाममात्र सारा, मग थोडा थोडा चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पूर्ण. त्याचा कौल रयतेला लिहून मिळे. शिवकाळात आणि पेशवाईत दुष्काळानं, लढायांनी ओस पडलेली गावं याच कराराच्या आधारानं पुन्हा वसवली गेली. त्यात घेणं आहे, पण जमीन उभी राहीपर्यंत थांबणंही आहे. हा शब्द आता कोशातच उरला. आजच्या नियमांत पडीक जमीन पुन्हा लागवडीला आणणाऱ्याच्या बाजूनं असा एकशब्दी करार मला सापडला नाही. सापडली ती २०१७ ची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना. तलावातला गाळ शेतकऱ्यानं स्वखर्चानं शेतात नेला तर त्यावर स्वामित्वधन नाही. वाळूला मात्र हात लावायचा नाही. पुन्हा तीच व्याख्या, पण या वेळी शेताच्या बाजूनं. तीच माती, रस्त्यात गेली तर खनिज, शेतात गेली तर गाळ.

पुढच्या उन्हाळ्यात भाच्यानं तेच केलं. जवळच्या पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टरनं आणून खड्ड्यात टाकला. खड्डा मोठा, खेपा पुष्कळ झाल्या. डिझेलचे पैसे दंडाइतकेच झाले असं तो म्हणतो. माझ्या मते थोडं वाढवून सांगतो. दंडही त्यानं हप्त्यानं भरला.

सुनावणीच्या वेळी द्यायचा अर्ज लिहायला तो पुन्हा माझ्याकडं आला होता. खड्डा बुजवला हे त्यात यायला हवं होतं. मी लिहिलं, "उत्खनित क्षेत्राचे पुनर्भरण करण्यात आले आहे." त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामू, साहेबानं विचारलं म्हणजे काय, तर मी काय सांगू?" मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "खड्डा बुजवला आहे. येऊन पाहावा."